मागच्या बोटीतली सून

सूनबाई,

तू म्हणालीस, "आत्या, माझ्यावर काही लिहू नका, लोक हसतील." हसू देत. सुनांवर लिहायचं म्हटलं की लोक तिला एक तर सोशिक करतात नाहीतर कजाग. तू दोन्हींत बसत नाहीस, तू शार्क पकडतेस, त्यामुळे लिहिणं भाग आहे. पण तुझीच गोष्ट तुला सांगताना सारखं "तू असं केलंस, तू तसं केलंस" म्हणत बसले तर पोलिसांच्या जबानीसारखं वाटेल. म्हणून यापुढे तुला "ती" म्हणते आणि स्वतःला आत्याबाई. पाण्यावर काय घडलं ते मी तुझ्याकडून ऐकलं आणि माझ्या भावाकडून, म्हणजे तुझ्या सासऱ्यांकडूनही ऐकलं. दोघांचं जिथे जुळेना, तिथे मला जे खरं वाटलं ते लिहिलंय. तक्रार असेल तर तोंडी कर, लेखी वाद घालायला मला वेळ नाही.

तर ती.

ती ताडपत्री शिवते. ट्रकवर घालायची झाकणं, दुकानांपुढची छपरं, तंबू, बोटींची आवरणं. कारखाना म्हणजे गोदीच्या मागच्या रस्त्यावरची एक लांबच लांब खोली. भिंतीला लागून मोठी मशीनं, मधे जमिनीवरच अंथरलेलं कापड आणि त्यावर अनवाणी फिरणाऱ्या बायका. मेणाचा आणि रबराचा वास केसांत असा बसतो की रविवारीही जात नाही. जाड कापडाच्या चार घड्या सुईखालून न्यायच्या म्हणजे शिवण कमी आणि ओढाताण जास्त. तिचे खांदे तिथे तयार झाले. लग्नाच्या वेळी नात्यातल्या एकदोघींनी "मुलगी जरा दणकट आहे" म्हणून नाकं मुरडली होती. आत्याबाई म्हणाल्या, "बरं झालं. कपाट सरकवायला माणूस बोलवायला नको."

सासरे लिफ्ट दुरुस्त करायचे. बायको लवकर गेली, मुलाला एकट्याने वाढवलं, आणि निवृत्त झाल्यावर घरात सगळ्यांना सांगून टाकलं, "आयुष्यभर वर-खाली केलं, आता जरा आडवं जातो." आडवं म्हणजे समुद्रात. त्यांनी दोन कयाक घेतल्या. कयाक म्हणजे एका माणसाने वर बसायची लांबट प्लास्टिकची बोट. इंजिन नाही, शीड नाही, दोन्ही टोकांना पाती असलेलं एक वल्हं आणि आपले दंड. अशा बोटीतून लोक छोटे मासे धरतात, फोटो काढतात आणि जेवायला घरी येतात. सासऱ्यांनी शार्क ठरवला, आणि तोही मोठा.

खायचा नाही, विकायचा नाही, मारायचा तर नाहीच. बोटीला लावायचा, डोळे भरून बघायचा, सोडून द्यायचा. "मग एवढा खटाटोप कशाला?" असं कुणी विचारलं की ते म्हणत, "डोंगर चढणारे डोंगर घरी घेऊन येतात का?" त्यावर समोरचा गप्प व्हायचा. पटलेलं नसायचं, पण गप्प व्हायचा.

या धंद्यात बोटी दोन लागतात. पुढच्या बोटीतल्या माणसाच्या हातात गळाची काठी. मासा लागला की तो पुढच्या बोटीला ओढत नेतो. मग मागच्या बोटीने चटकन येऊन आपली दोरी पुढच्या बोटीच्या शेपटीला अडकवायची आणि मागे ओझं होऊन राहायचं. एक बोट ओढताना शार्क जेवढा दमतो त्याच्या दुप्पट दोन ओढताना दमतो. आणि सासऱ्यांचा एक नियम होता, तो त्यांनी लिफ्टमधल्या पाटीसारखा सगळ्यांना ऐकवलेला: पट्टा मागच्याकडे. कमरेच्या त्या पट्ट्यात गळाचा दोर कापायची सुरी आणि तार तोडायची पक्कड. "ज्याच्या हातात काठी आहे त्याचं डोकं ठिकाणावर नसतं," ते म्हणत. "त्याला वाटतं आत्ता येईल, आत्ता येईल. कधी कापायचं ते मागच्याने ठरवायचं, आणि पुढच्याने वाद घालायचा नाही." म्हणून पुढे बसणाऱ्याने पट्ट्याला हातसुद्धा लावायचा नाही. मागच्यानेही एक पाळायचं: कापायचं सोडून बाकी कशात बोलायचं नाही.

मागची जागा आधी त्यांच्या एका जुन्या मित्राकडे होती. त्याचे गुडघे गेले. मग मुलाला बसवून बघितलं. मुलगा चष्म्याच्या दुकानात काम करतो, स्वभावाने सोन्यासारखा, पण समुद्र दुर्बिणीतून बघितला तरी त्याला मळमळतं. पहिल्याच दिवशी खडकांपर्यंत जाईतो त्याने सकाळचा चहा, ब्रेड आणि आदल्या रात्रीचं जेवण अशा क्रमाने सगळं समुद्राला दिलं. बापलेक घरी आले ते एकमेकांकडे न बघता. तेव्हा ती, लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते, पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "मी येते, बाबा."

सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं. "पोहता येतं?"

"येतं."

"ओरडतेस का?"

"कुणावर?"

त्यांना हे उत्तर आवडलं. तेव्हापासून मागची बोट तिची.

वर्षं गेली. तिचे केस कानांपाशी पांढरे झाले, तरी बोट तीच आणि जागा तीच. काठी सासऱ्यांच्या हातात, मासा सासऱ्यांचा, किनाऱ्यावर येऊन हात हवेत पसरून सांगायची गोष्टही सासऱ्यांची. त्या गोष्टीत ती "आणि मागे सूनबाई होतीच" एवढ्यापुरती यायची, जणू मागे पाठ टेकायला उशी ठेवली होती. ती पाण्याने खारट झालेल्या दोऱ्या धुवत ऐकायची आणि काही बोलायची नाही. आत्याबाईंना याचा राग यायचा. तिला यायचा की नाही, हे तिने बरेच दिवस कळू दिलं नाही.

पण दोनदा तिने दोर कापला होता. त्यातल्या पहिल्या वेळेची गोष्ट घरात अजून निघते. शार्क त्यांना ओढत मोठ्या जहाजांच्या वाटेकडे निघाला होता. त्या वाटेच्या कडेला लाल पिंप तरंगतं. त्याच्या पलीकडे जायचं नाही हे ठरलेलं. सासरे पुढून ओरडत होते, "थांब! वळतोय तो! वळतोय!" शार्क काही वळत नव्हता. समोरून इमारतीएवढं जहाज येत होतं. तिने दोरीला धरून आपली बोट पुढे घेतली, हात लांब केला आणि कापलं. सासरे परत येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. घरी आल्यावरही नाही. जेवताना मुलाला म्हणाले, "तिला सांग, मीठ कमी आहे." ती तिथेच, हाताच्या अंतरावर बसलेली. ती नवऱ्याला म्हणाली, "त्यांना सांगा, मिठाचा डबा त्यांच्या उजव्या हाताशी आहे." नवरा बिचारा पंख्यासारखा दोन्हीकडे मान फिरवत राहिला. असा आठवडा गेला. पण पट्टा त्यांनी तिच्याकडून काढून घेतला नाही, हेही खरं.

मग सासऱ्यांचा उजवा खांदा गेला. माशाने नाही, बाथरूमच्या दारातल्या ओल्या पायपुसण्याने. डॉक्टरांनी सांगितलं, काठी विसरा. ते घरी आले, गॅरेजमध्ये टांगलेल्या दोन्ही बोटींकडे उभं राहून बघितलं आणि जाहीर केलं, "विकून टाकू."

ती म्हणाली, "मी पुढे बसते."

"तू?"

"तुम्ही मागे बसा. मागे काय, नुसतं तर बसायचं असतं. तुम्हीच म्हणता."

हे बोलणं त्यांना झोंबलं असणार. ते म्हणाले, "सूनबाई, तुला कापता येतं हे मला माहीत आहे. धरता येतं का?"

"एकदा बघू तरी."

सासऱ्यांनी खुर्ची ओढली. लिफ्टला पास-नापास करायची त्यांची जुनी सवय. "ठीक आहे, एकदा. एक मोठा मासा. बोटीला लावायचा, गळ काढायचा नाहीतर तार अगदी तोंडापाशी तोडायची, आणि सोडायचा. काठी हातातून गेली, किंवा मदतीला कुणाला बोलवावं लागलं, तर दोन्ही बोटी त्याच आठवड्यात विकायच्या. मग रडायचं नाही."

"मी कधी रडले?"

"मी माझं सांगतोय."

एवढं सगळं त्या एका सकाळवर टांगलेलं होतं. कारखान्यातल्या बायकांना ती म्हणाली, "सुट्टी हवी, परीक्षा आहे." त्यांना वाटलं मुलांची. मुलं तिला नाहीत, हे त्या विसरल्या होत्या.

सकाळी गॅरेजमध्ये नेहमीची तयारी झाली. आमिषाचे मासे बर्फाच्या डब्यात. काठी, रीळ, तारेची भेंडोळी. गळाचा मागे वळलेला काटा सासरे कानशीने घासून टाकत, म्हणजे सोडताना शार्कचं तोंड फाटू नये. तेही आदल्या संध्याकाळी झालं होतं. पट्टा दाराशेजारच्या खिळ्याला लटकत होता.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण अशी चूक हीच दोन माणसं करू शकतात. सासरे त्या खिळ्यासमोरून गेले. इतकी वर्षं तो खिळा त्यांचा नव्हताच, त्यांनी तिकडे बघितलंही नाही. मागून ती आली. सवयीने हात वर गेला, आणि तिने तो मागे घेतला. आज ती पुढे बसणार होती, आणि पुढच्याने पट्ट्याला हात लावायचा नसतो. मग काढून त्यांच्या हातात द्यावा का? तिच्या ते जिवावर आलं. ज्या माणसाने ही जागा निर्माण केली, त्याच्या हातात पट्टा देणं म्हणजे "आता तुम्ही मागे" असं तोंडावर सांगणं. आपले आपण घेतील, तिने विचार केला. उगाच कशाला बोलून दाखवायचं. आणि ती वल्हं घेऊन बाहेर पडली.

समुद्र त्या दिवशी इस्त्री केल्यासारखा होता. नवऱ्याने दोघांना पाण्यात ढकललं, लगेच पाठ फिरवली आणि वाळूवर सावली बघून बसला. खडकांच्या पलीकडे जाऊन त्यांनी नांगर टाकला. नांगराच्या दोरीला फुगा बांधलेला असतो, म्हणजे मासा लागला की दोरी सोडून द्यायची आणि फुग्यावरून नांगर नंतर शोधायचा. तिने आमिष सोडलं.

वाट बघताना सासरे मागून म्हणाले, "काठी जरा खाली धर."

"हं."

"रिळाचा ब्रेक फार आवळलास."

"हं."

"सूर्याकडे तोंड करून कशाला बसलीस? डोळे दुखतील."

ती न वळता म्हणाली, "बाबा, मागच्याने कापायचं सोडून बोलायचं नसतं. नियम कुणाचा?"

मागून पुटपुटणं आलं, "नियम करणाऱ्याला थोडी सूट असते."

आणि रीळ किंचाळलं.

तिने मला नंतर सांगितलं की पहिल्या क्षणी तिला वाटलं, मशीनमध्ये पदर अडकलाय. तीच ओढ. फक्त इथे मशीन बंद करायला बटण नव्हतं. तिने नांगर सोडला, पाय बोटीत रोवले, काठी मांडीवर टेकवली. बोटीचं नाक खाली गेलं आणि ती निघाली. सासरे एका हाताने वल्हवत कसेबसे आले, दोरी तिच्या बोटीच्या शेपटीला अडकवली, आणि मग दोन्ही बोटी एकामागे एक, खेळण्यातल्या आगगाडीसारख्या, समुद्रात चालू लागल्या.

मासा मोठा होता. दिसला नव्हता, पण ओढीवरून दोघांनाही कळलं. सासरे नियम विसरले. "सैल! थोडं सैल! आता घे! घे म्हणतो ना! अगं, काठी वर!" तिने उत्तर द्यायचं सोडून दिलं. हात भरून आले होते, पण हे भरणं तिच्या ओळखीचं होतं. ओली ताडपत्री एकटीने ओढली की असंच होतं. ओढायचं पाठीने, हातांनी फक्त धरायचं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिला मजा यायला लागली. तोंडावर पाणी उडत होतं आणि ती हसत होती, हे सासऱ्यांना मागून दिसलं नाही, ते बरं झालं.

मग लाल पिंप दिसलं.

शार्क सरळ तिकडे चालला होता. वाटेत जहाज नव्हतं, पण येणारच नाही असं कोण सांगणार. पिंप आलं की कापायचं, नियम एकच. ती ओरडली, "बाबा, पिंप आलं! कापायचं का?"

मागे सासरे तिच्याकडेच बघत होते.

"बाबा! तुम्ही ठरवायचं! कापा!"

"कशाने?" सासरे म्हणाले.

"म्हणजे?"

"पट्टा फेक इकडे!"

तिने मान वळवली. "पट्टा तुमच्याकडे आहे ना?"

"माझ्याकडे कशाला असेल?"

"मागे तुम्ही बसलाय!"

सासऱ्यांनी आपल्या कमरेकडे बघितलं. मग तिच्या कमरेकडे. मग किनाऱ्याकडे, जिथे गॅरेजमधल्या खिळ्यावर पट्टा निवांत लटकत होता. "खिळ्यासमोरून शेवटी कोण आलं?" ते ओरडले.

"मी! पण पुढच्याने हात लावायचा नाही!"

"अगं, मग मला सांगायचंस तरी!"

"तुम्हाला काय सांगायचं, नियम तुमचाच!"

भांडण अगदी रंगात आलं असतं, पण पिंप जवळ येत होतं. सासऱ्यांचा आवाज एकदम खाली आला. "काठी सोडून दे, सूनबाई. जाऊ दे."

काठी सोडली की ठरल्याप्रमाणे बोटी विकायला गेल्या. खिशातल्या फोनवरून नवऱ्याला सांगितलं, तो मदतीची बोट पाठवेल, तरी बोटी गेल्या. ब्रेक पूर्ण सोडून रिळावरची सगळी दोरी जाऊ दिली तर काठी वाचेल, पण मग तो मासा ती लांबलचक दोरी अंगाभोवती घेऊन कुठेतरी गुंतून मरेल. तिने तिन्ही गोष्टींचा विचार केला. फार वेळ लागला नाही.

"बाबा," ती म्हणाली, "वल्ह्याचा दांडा गुडघ्यांखाली अडकवा."

"काय?"

"दांडा गुडघ्यांखाली! डावं पातं पाण्यात उभं धरा. डाव्या हाताने. उजव्याला काही करू देऊ नका. वजन डावीकडे टाका."

"बोट उलटेल!"

"नाही उलटत. मी दर वेळी करते."

सासरे म्हणतात, त्या क्षणी त्यांना शार्कपेक्षा याचा धक्का जास्त बसला. दर वेळी करते. म्हणजे इतकी वर्षं "वळतोय, वळतोय" म्हणून ते पुढे आनंदाने ओरडायचे तेव्हा मासा आपला आपण वळत नव्हता. मागून कुणीतरी पातं रोवून दोन्ही बोटी बाजूला खेचत होतं, ओढीची दिशा बदलत होतं, म्हणून माशाचं तोंड फिरत होतं. ते विचारणार होते. पण तिने इतक्या जोरात "बाबा, आत्ता!" म्हटलं की त्यांनी दांडा गुडघ्यांखाली सारला.

बोट कलंडली. सासऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग ती सावरली आणि डावीकडे सरकू लागली, तिच्यामागून पुढची बोट, आणि काठीची दोरी, जी इतका वेळ नाकासमोर होती, ती हळूहळू तिरकी झाली.

"सोडू नका!"

"सोडत नाहीये! माझी मांडी सोलली!"

"मांडी सोलतेच! नंतर मलम लावते!"

पिंप उजव्या हाताला आलं, मग उजवीकडे मागे गेलं. शार्क मोठ्या गोलाईने किनाऱ्याकडे वळला. सासरे काहीतरी म्हणाले, ते वाऱ्यात गेलं. तिच्या मते त्यांनी शिवी दिली. त्यांच्या मते त्यांनी तिचं कौतुक केलं. दोन्ही खरं असू शकतं, माझ्या भावाला मी लहानपणापासून ओळखते.

त्यानंतरचं काम कष्टाचं होतं, पण सरळ होतं. ती रीळ घुमवायची, मासा परत दोरी न्यायचा, ती परत घुमवायची. थोडा थोडा करत तो वर आला. आधी पाण्याखाली एक फिकट पट्टी दिसली, मग शेपूट, मग तो सबंध. त्याचं तोंड तिच्या पायांपाशी होतं आणि शेपूट तिच्या बोटीच्या मागे सासऱ्यांच्या पुढ्यात हलत होती. अंगावर जुन्या जखमांचे व्रण, कल्ले उघडत-मिटत, आणि एक डोळा, ज्यात राग नव्हता, ओळखही नव्हती. आजवर आलेल्या सगळ्यांपेक्षा तो मोठा होता. सासऱ्यांनी हात हवेत पसरायला घेतले आणि परत मांडीवर ठेवले. पसरून पुरण्यासारखं नव्हतं.

आता राहिला गळ. तार तोडायला पक्कड नाही. तार आणि दोरी जोडणारी वरची कडी उघडली असती तर मासा सुटला असता, पण चार हात लांब तार त्याच्या तोंडात लोंबत राहिली असती. ते ठरलेल्यात बसत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ठरलेलं नसतं तरी तिने ते केलं नसतं. शिवणीतून धागा लोंबत राहिलेला तिला चालत नाही.

"बाबा, बाजूला या. डाव्या हाताने तार धरा. हाताला गुंडाळू नका."

"मला सांगतेस?"

"सांगतेय. आणि ढिली धरा, ओढू नका."

सासऱ्यांनी तार ढिली धरली. तिने वल्ह्याचं पातं शार्कच्या तोंडाच्या कोपऱ्याशी नेलं, गळाच्या वळणावर टेकवलं आणि खाली दाबलं. शार्कने पातं चावलं. करकर असा आवाज आला. ती वाकलेली तशीच राहिली, दाब तसाच ठेवला, आणि चावा सैल झाल्याबरोबर पुन्हा खाली रेटलं. काटा घासलेला होता म्हणून गळ जसा गेला होता तसाच बाहेर आला. तार सासऱ्यांच्या हातात हलकी झाली. शार्क क्षणभर तिथेच राहिला, मोकळं झाल्याचं त्याला अजून कळलं नव्हतं. मग त्याने शेपूट एकदा हलवली, दोघांना डोक्यापासून भिजवलं आणि खाली गेला.

सासऱ्यांनी मोकळी तार बोटीत ओढून घेतली.

मग सासरे म्हणाले, "काय गं, दर वेळी मागे बसून एवढं करत होतीस?"

"छे," ती म्हणाली. "झोपत होते."

परत येताना सासऱ्यांचा हात उचलेना. उजवा तर नाहीच, डाव्यातही वल्हं ठरेना. तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तिने फक्त दोन बोटींमधली दोरी सोडली नाही, आणि आधी नांगराचा फुगा शोधून मग सगळं ओझं वल्हवत किनाऱ्याला आणलं. नवरा धावत आला. "काय झालं? इतका उशीर? लागला का?"

"काही नाही," दोघे एकदम म्हणाले.

संध्याकाळी सासरे गॅरेजमध्ये आले. ती दोऱ्या धुवत होती. त्यांनी वल्ह्याच्या पात्यावरच्या दातांच्या खुणा बोटाने चाचपल्या आणि म्हणाले, "पुढच्या वेळी आमिष जरा ताजं घे." आणि वर निघून गेले. माझ्या भावाकडून यापेक्षा लांब भाषण अपेक्षित नव्हतं. पुढची वेळ आहे, एवढं त्यात होतं, आणि तिला तेवढंच हवं होतं. त्यानंतर किनाऱ्यावर गोष्ट सांगायची वेळ आली की ते हात पसरायचे नाहीत, तिच्याकडे बोट करायचे.

पण पुढच्या वेळेचाच प्रश्न होता. दोन दिवसांनी ती खालच्या मजल्यावर आत्याबाईंच्या खोलीत आली, दार लोटलं आणि पलंगाच्या कडेवर बसली.

"आत्या, एक काम करा. बाबांना सांगा, आता मागेही बसू नका. परत येताना त्यांचे हात कसे झाले होते ते मी बघितलंय. पाणी खवळलेलं असतं तर? कारखान्यातली कापड कापणारी यायला तयार आहे, तिला शिकवीन मी. पण हे मी नाही सांगू शकत. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, पुढे बसली आणि मला बाहेर काढलं. तुम्ही मोठ्या आहात. तुमचं ऐकतात."

"ऐकतो कसला," आत्याबाई म्हणाल्या. "पण सांगते."

आणि त्या लगेच वर गेल्या, कारण उद्यावर टाकलेलं काम त्यांना रात्रभर टोचतं.

वरच्या मजल्यावर बोळकांडीत सासऱ्यांनी दोन बुटकी स्टुलं एकामागे एक ठेवली होती. मागच्या स्टुलावर ते स्वतः, गुडघ्यांखाली वल्ह्याचा दांडा, डाव्या हातात पात्याकडची बाजू. चेहरा असा की जणू उद्या परीक्षा आहे. वजन डावीकडे टाकायचे, स्टूल कलंडायचं, सावरायचे, परत टाकायचे. मांडीवर तिने दिलेलं मलम चोपडलेलं.

"ताई, बरी आलीस," ते म्हणाले. "बस पुढे."

"कशाला?"

"पुढे कुणी ओढल्याशिवाय अंदाज येत नाही. ती दोरी धर आणि ओढ. हळू नको, जोरात. मला मागे बसायचं शिकायचंय. इतकी वर्षं बघितलंच नाही मी ते."

आत्याबाई एम.ए. झालेल्या आहेत, दोन्ही गुडघे दुखतात, आणि कुणाच्या तोंडावर काय सांगायचं याची त्यांना कधी भीती वाटलेली नाही. त्यांनी तोंड उघडलं. मग त्यांनी दोरी धरली आणि जोरात ओढली.

खाली आल्यावर ती जिन्यातच उभी होती. "सांगितलंत?"

"उद्या सांगते," आत्याबाई म्हणाल्या.

त्यानंतर तू विचारलंस तेव्हा तेव्हा मी हेच म्हटलं, सूनबाई. मग तू विचारायचं सोडलंस. आज सकाळीही तुम्ही दोघं पाण्यात गेलात, तू पुढे, माझा भाऊ मागे, आणि तुझा निरोप अजून माझ्याकडेच आहे.